फाटकाकडे पाठ

त्या दुपारी बोर्डिंगच्या फाटकाजवळ कोण कोण होतं ते आधी सगळं सांगून टाकते, म्हणजे मागून कोणी म्हणायला नको की म्हातारीनं अमक्याला झाकलं. मी गिरजाबाई, चौकीदारीण. बाबूलाल, कॉलेजचा चपराशी, तो ऑफिसकडून पाण्याचा माठ घेऊन येत होता. वसुमतीबाई, मुलींच्या बोर्डिंगच्या मोठ्या बाई, त्या आपल्या खोलीत जरा आडव्या झाल्या होत्या. विमल, इंटरच्या वर्गातली मुलगी, शाहपूरकडची. तिचा काका आत्माराम. अन् आमचे जेठ, म्हणजे माझ्या मालकांचे थोरले भाऊ. त्यांचं नाव शिवराम. हे नाव मी उभ्या जन्मात तोंडानं घेतलं नाही. आज लिहिलं. हात काही झडला नाही.

दिवाळीच्या अंकासाठी नौकरीचे अनुभव लिहून द्या, असं अंकवाले म्हणाले. मी चौथी शिकलेली. नंतर पुष्कळ कामं केली, सरकी निवडली, दवाखान्यात फरश्या पुसल्या. पण नौकरी म्हणावी अशी ती एकच, सहा वर्षांची. तिचंच सांगते.

चौकीदारी म्हटलं की लोकांना कंदील, काठी अन् अंधार दिसतो. अंधारात काय असतं? कुलूप असतं. खरी चौकीदारी भर दुपारची. अर्ध्या मुली वर्गात, अर्ध्या खोलीत, मोठ्या बाई थकलेल्या, अन् फाटकाशी पाहुणे. बापाला भेटायचं असतं, मावसभावाला भेटायचं असतं, दूधवाल्याला भांडं परत पाहिजे असतं, अन् सगळ्यांना घाई. प्रत्येकाचं तोंड बघायचं, नाव विचारायचं, गाव विचारायचं, मोठ्या बाईंची चिठ्ठी मागायची. भरती होताना मुलीच्या कागदावर जो पालक लिहिला असेल तोच तिला बाहेर नेऊ शकतो, तोही चिठ्ठी घेऊन. बस, एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा.

एक बाप आला होता खांद्यावर केळीचा घड घेऊन. मोठ्या बाई गावात गेलेल्या, चिठ्ठी नाही. दोन तास ओट्यावर बसला. शेवटी म्हणाला, "बाई, हा घड तुम्हीच घ्या अन् मले जाऊ द्या." मी म्हणलं, "दादा, घड आत जाईल, तुम्ही नाही." तर म्हणतो, "मंग घडाले चिठ्ठी लागत नाही का?" 

दुसरा एक पोरगा, तेल लावून भांग पाडलेला, रोज यायचा. "मेरी बहन को बुलाओ." कोणती बहीण, तर रोज नाव वेगळं. चौथ्या दिवशी मी म्हणलं, "बेटा, इतनी बहनें? तेरी माँ थकली नसेल का?" त्यानंतर तो आला नाही. आमची बुऱ्हानपूरची बोली अशीच, अर्धं वाक्य इकडचं, अर्धं तिकडचं.

मला ही नौकरी लागली ती माझ्या गुणांनी नाही. माझे मालक जिनिंगमध्ये होते, तापानं गेले. मी सव्वीस वर्षांची, पदरी एक लेक, सखू. जैनाबादला जेठाच्या घरात राहायचे. तिकडे कॉलेजला मुलींचं बोर्डिंग निघालं, पण खेड्यातले बाप म्हणू लागले, फाटकावर बाई बसवा तर पोरी पाठवतो, बाप्याच्या भरवशावर नाही. वसुमतीबाईंनी मला बोलावून दोनच गोष्टी विचारल्या. दुपारी झोप लागते का? अन् कोणाची भीड पडते का? मी दोन्हीला नाही म्हणलं. पहिलं खरं होतं.

जैनाबादहून रोज तापी ओलांडून यायचे. पावसाळ्यात नावेतून, बाकी दिवस पायी. जेठाणी म्हणायची, "जा बाई, लोकाच्या पोरी राख. आपली पोर आम्ही राखतो." ती टोमणा मारायची, पण सखूला जेवू घालायची, हेही लिहिलं पाहिजे.

मग नागपूरचं राज्य मोडलं अन् भोपाळचं झालं. वऱ्हाड मुंबईकडे गेला, आम्ही भोपाळकडे राहिलो. नव्या राज्यात जुनी माणसं सामावून घ्यायची म्हणून कागदांवर कागद येऊ लागले. कॉलेजही सरकारच्या हाताखाली जाणार असं ठरलं. एक दिवस बाबूलाल माठ खाली ठेवून म्हणाला, "बाई, आपका भी फरमान आया है. अब आप चौकीदारीण नहीं, महिला प्रहरी हैं."

"पगार तोच?"

"अभी तो नाम ही बढ़ा है."

कागदात लिहिलं होतं की जागा कायम होईल. कायम माणसाला आवारात खोली मिळेल. एक खोली, चूल बाहेरच्या पडवीत, दाराला आपलं कुलूप. मी सखूला घेऊन तिथं राहू शकले असते. मालक गेल्यावर जेठाच्या घरात मला आठ वर्षं कोणी मारलं नाही की उपाशी ठेवलं नाही. पण तिथं मी खोकताना पण विचार करायचे. त्या खोलीसाठी मी काय नसतं केलं!

त्यासाठी योग्यता पाहिजे होती. बाबूलालनं वाचून दाखवली. उंची पाच फूट. नजर साफ. आठवी पास, हिंदीतून. सायकल चालवता आली पाहिजे. अन् खाली कामं लिहिली होती, त्यातलं पहिलं असं की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा नीट बघून ओळख पटवावी. मी हसले. म्हणलं, हे काय शिकवायचं? डोळे आहेत, बघतेच की.

उंची मोजली मोठ्या बाईंच्या शिवणाच्या टेपानं. बोटभर कमी भरत होती. बाबूलालनं टेप अंबाड्यावर धरला अन् म्हणाला, "बाल भी तो बाई का ही है." पाच फूट भरली. 

हिंदीची गंमत वेगळीच. मी सही केली तर ऑफिसचे बाबू म्हणाले, ही मराठी सही आहे, हिंदीत करा. अक्षरं तीच! मी तेच नाव पुन्हा लिहिलं, जरा मोठ्या अक्षरात. म्हणाले, हां, अब ठीक है.

पण आठवी पास हे काही अंबाड्यानं भरणारं नव्हतं. बाहेरून परीक्षेला बसायचं होतं, त्या उन्हाळ्यात. तेव्हा मला शिकवलं ते विमलनं.

विमल म्हणजे हाडं मोठी, आवाज बारीक अन् लांब वेणी. शाहपूरकडच्या केळीच्या शेतकऱ्याची पोर. वडील वारलेले, घर काकाच्या हातात. तिच्या मामानं, जो आमच्या सिंधीपुऱ्यात राहायचा, तिला हट्टानं कॉलेजात घातलं, म्हणून कागदावर पालक मामाच होता. तिला मास्तरीण व्हायचं होतं. रोज दुपारी ती ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसायची. मी फाटकावर नजर ठेवून वाचायचे, ती चुका काढायची. "मावशी, इथं 'है' नाही, 'हैं'. माणसं जास्त आहेत." मी म्हणायचे, "माणसं जास्त झाली की टिंब द्यायचं, हे बरं आहे."

सायकल पण तिनंच शिकवली, बाबूलालच्या सायकलवर, मागच्या मैदानात, लुगड्याचा काचा मारून. मी पुढे, मागे सीट धरून विमल, अन् तिच्या मागे दहा-बारा पोरी ओरडत, "मावशी, पायडल, पायडल!" दोनदा मी मेंदीच्या कुंपणात गेले. तिसऱ्यांदा मैदानाला पुरा वेढा घातला, अन् मागे बघते तर विमल कधीचीच लांब उभी. मोठ्या बाई खिडकीतून म्हणाल्या, "गिरजा, आता चोर तुझ्या पुढे सायकलवर पळाला तरी बिचाऱ्याचं खरं नाही."

दोघींची परीक्षा त्याच उन्हाळ्यात होती. तिची आधी, माझी नंतर.

फाल्गुन संपता संपता तिचा काका आत्माराम पहिल्यांदा आला. पांढरं धोतर, हातात छत्री. "विमलले घरी न्यायचं हाये. सोयरीक जमली."

"तुमचं नाव कागदावर नाही," मी म्हणलं. "मामाला घेऊन या."

"मी तिचा सख्खा काका!"

"असाल. कागद मामाला ओळखतो."

तो चिडला नाही. तेच मला समजायला पाहिजे होतं. जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला अन् गोड आवाजात म्हणाला, "बाई, तुम्ही कोणाच्या?"

आमच्याकडे सगळेच विचारतात हे. नाव नंतर, आधी तुम्ही कोणाच्या. मी सांगितलं, जैनाबादची, कापसाच्या गाडीवाल्यांच्या घरची धाकटी सून. अभिमानानं सांगितलं, मागे माणसं आहेत हे त्याला कळावं म्हणून. तो म्हणाला, "बरं बरं, ओळखतो," अन् गेला.

विमलला कळलं तेव्हा तिनं पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं. "मावशी, पेपर होईपर्यंत मला इथून कोणी न्यायला नको. नंतर करतील ते करू दे. तुम्ही फाटकावर आहात ना?"

"आहे."

"मामाशिवाय कोणालाही नाही?"

"ब्रह्मदेव आला तरी नाही."

असं बोलून गेले.

तिच्या पेपराला आठ दिवस होते. दुपारची वेळ. मी ओट्यावर बसून धडा वाचत होते, विमल आत तिचा अभ्यास करत होती. रस्त्यावर छकडा थांबल्याचा आवाज आला. बैलांच्या घुंगरांवरून मला आधीच कळलं की बैल आमचे. मान वर केली तर आमचे जेठ फाटकाकडे चालत येत होते.

बाहेरच्या वाचणाऱ्यासाठी सांगते. आमच्या घरात जेठासमोर सून तोंड उघडं ठेवत नाही. पदर छातीपर्यंत ओढायचा, उठून उभं राहायचं, पाठ करायची अन् ते जाईपर्यंत तसंच थांबायचं. जेठ पण सुनेशी बोलत नाहीत. काही सांगायचं असलं तर पोराला सांगतात, कोणी नसलं तर भिंतीला सांगतात. लग्न झाल्यापासून मी त्यांचा चेहरा धड पाहिला नव्हता. त्यांचे पाय मी हजार माणसांत ओळखले असते.

ते सहा वर्षांत कधी फाटकावर आले नव्हते. मला वाटलं सखूला काही झालं. तरी हात आपोआप पदराकडे गेला. मी उठले, पदर ओढला, भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. चुन्याची भिंत होती, तिच्यावर मुंग्या चढत होत्या. 

ते फाटकाजवळच्या कडुनिंबाला म्हणाले, "घरी सांगा, उद्या पापड लाटायचे हायेत. लवकर यावं म्हणा."

माझा जीव भांड्यात पडला. सखूला काही नव्हतं. पण ते गेले नाहीत. तिथंच उभे. "उडदाचे," म्हणाले. मग, "पापडखार हाये घरात." मग नुसतेच खाकरले. माझ्या मागून फाटकाची कडी वाजली. पावलं आत गेली. मी ऐकलं. थोड्या वेळानं पावलं परत आली, आता दोन माणसांची, एक चप्पल घासत चालणारी. तेही ऐकलं. मी चौकीदारीण, मला पावलं कळत नाहीत असं नाही. मी म्हणलं मनात, हे गेले की लगेच बघते. मधेच कशी वळू? जेठाच्या तोंडाकडे?

कडी पुन्हा वाजली. ते म्हणाले, "चला तर मंग." घुंगरं वाजली. मी पदर सारून वळले तेव्हा रस्त्यावर धूळ होती, अन् बाबूलाल माठ घेऊन उभा होता.

"विमल बिटिया गई?" तो म्हणाला. "मुझे लगा आपने जाने दिया. आप तो वहीं खड़ी थीं."

आत्मारामनं फार काही केलं नव्हतं. मी कोणाची ते विचारून घेतलं, मग जैनाबादला जाऊन ज्याच्यासमोर मी बघू शकत नाही तो माणूस शोधला अन् आणून फाटकात उभा केला. पुढं कळलं, जेठांना त्यानं सांगितलं होतं की पोरीची आजी शेवटच्या घटकेला आहे अन् फाटकावरची बाई आडमुठी आहे. पापडाचं बोलणं कोणी शिकवलं ते मला कधी कळलं नाही.

वसुमतीबाई धावत आल्या. त्यांनी मला ओरडलं नाही. माझा दंड धरला अन् म्हणाल्या, "गिरजा, छकडा कोणाचा होता? लवकर सांग. विमलच्या मामाला सायकलवर पाठवते. छकडा अजून शहराबाहेर गेला नसेल."

मी पदर नीट करू लागले.

"बाबूलाल म्हणतो, कोणी तरी तुझ्याशी बोलत होतं. कोण होतं? नाव सांग."

आता इथं मला खरं लिहायचं आहे. मी पुढे कित्येक वर्षं सगळ्यांना सांगितलं की जेठाचं नाव घ्यायचं नसतं म्हणून जीभ वळली नाही. लोकांनाही पटायचं. पण 'आमच्या घरातले थोरले' एवढं म्हणता आलं असतं. बाबूलालनं नाव लावलं असतं. मी तेही म्हणलं नाही. जैनाबादला त्यांच्या घरात माझी लेक बसली होती. मी नाव सांगितलं असतं अन् मामा चार माणसं घेऊन त्यांच्या छकड्याला आडवा गेला असता, तर त्या संध्याकाळी मी सखूला घेऊन कुठं गेले असते? खोली अजून मिळाली नव्हती. एवढा सगळा हिशोब मी उभ्या उभ्या केला, अन् म्हणलं, "मी पाहिलं नाही."

मामा अंदाजानं शाहपूरला गेला. घराला कुलूप. लग्न दुसऱ्याच गावच्या देवळात होतं. कोणत्या, ते छकडेवाल्यालाच माहीत होतं.

संध्याकाळी जैनाबादला जेठ जेवायला बसले होते. मी दाराच्या आड. जेठाणीला म्हणलं, "वहिनी, विचारा ना, ती पोरगी कुठं नेली?"

जेठाणीनं विचारायची गरज पडली नाही. ते ताटाकडे बघून म्हणाले, "तिच्या घरच्यांनी तिले नेली. मी तर फाटकाच्या आत पायसुद्धा टाकला नाही. लोकाच्या पोरीची चौकशी कराले आपल्याले कोणी नेमलं?"

"मले नेमलंय," मी म्हणलं.

दाराआडून, पण मोठ्यानं. इतक्या वर्षांत माझा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला असेल. त्यांचा घास हातात राहिला. जेठाणीनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी ताटात माती टाकली. ते हात धुऊन उठले अन् ओसरीवर गेले. मला वाटलं, हेच दुपारी का आलं नाही तोंडात?

चौथ्या दिवशी चौकशी झाली. नव्या सरकारी ऑफिसातून एक साहेब आले होते. प्रिन्सिपलच्या खोलीत मला उभं केलं.

"आप ड्यूटी पर थीं?"

"होते."

"सो रही थीं?"

"नाही."

"आँखें खुली थीं?"

"खुली होती. भिंतीकडे."

साहेब हसले. भिंतीचं ऐकून बाबूलालला आता उलगडलं, त्यानं त्यांना समजावलं की हिच्या घरचे मोठे आले होते, म्हणून. तेव्हा साहेबांचं हसू गेलं. त्यांनी मान हलवली, जणू त्यांच्या घरी पण असंच असेल. म्हणाले, "हाँ, तो फिर क्या करती बेचारी."

मला ते बेचारी लागलं. मी म्हणलं, "साहेब, माझी चूक लिहा. मी बघितलं नाही, मग विचारलं तेव्हा सांगितलं नाही. कोणाचा छकडा ते मी आता सांगते. पोरीचे पेपर चार दिवसांवर आहेत, अजून तिला आणता येईल."

खोलीत सगळे खाली बघू लागले. प्रिन्सिपल म्हणाले, "गिरजाबाई, लग्न लागलं. आता काय आणायचं? घरच्याच माणसांनी नेलं. उगाच बभ्रा झाला तर उद्या दुसरे बाप पण आपल्या मुली काढून नेतील." वसुमतीबाई काही बोलायला गेल्या, तर त्यांना म्हणाले, "बाई, तुम्ही तेव्हा कुठं होता?" त्या बसून राहिल्या.

दोन कागद झाले. एकावर लिहिलं की विमलचं नाव घरच्यांच्या इच्छेनं कमी केलं. दुसऱ्यावर लिहिलं की गिरजाबाईपाशी महिला प्रहरीची ठरवलेली योग्यता नाही, आठवी पास नाही, म्हणून कायम करता येत नाही. फाटकावर काय झालं ते कोणत्याच कागदावर आलं नाही. मला सही करायला दिली. मी केली. ते म्हणाले, ठीक है.

आठवी नाही म्हणून काढलं असतं तर मला दुःख नव्हतं, आठवी मला नव्हतीच. पण मला ज्याच्यासाठी काढायला पाहिजे होतं त्याच्यासाठी काढलं नाही, अन् त्यामुळे विमलला कोणी शोधायला गेलं नाही. हे मला आजपर्यंत पचलं नाही. फाटकावर मग एक माणूस बसवला. आठवी पास. दुपारी झोपायचा.

मी सखूला घेऊन सिंधीपुऱ्यात एका पडवीत राहायला गेले. जेठांनी अडवलं नाही. छकड्यात घालून सामान त्यांनीच पोचवलं. तेव्हा पण मी पाठ करूनच उभी होते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. विमल शाहपूरला आली असेल म्हणून मी गेले. काका घरात नव्हता. ती परसात बसून आंब्याचा रस काढत होती, कोपरापर्यंत हात भरलेले, हिरव्या बांगड्या रसात बुडालेल्या. मला बघून हसली.

"मावशी, तुमची परीक्षा झाली?"

"नाही बसले."

"काहून? तुमचं 'हैं' तर चांगलं यायला लागलं होतं."

मी खाली बसले. मला रडू आलं नाही, मला लवकर येत नाही. म्हणलं, "विमल, तू ओरडली का नाहीस?"

ती कोय पिळत राहिली. "आजीचं सांगितलं ना काकांनी. खरं-खोटं मला कळेना. म्हणलं, चालत जाऊ, फाटकावर मावशी चिठ्ठी मागेलच. मावशी अडवेल तर खोटं, सोडेल तर खरं. मी तुमच्याकडंच बघत आले. तुम्ही तोंड फिरवलेलं. मग मला वाटलं, मावशीला आधीच माहीत आहे. मावशी पण त्यांच्यातलीच."

"माझे जेठ होते गं तिथं."

तिचे हात थांबले. मला वाटलं आता काही तरी बोलेल, शिव्या देईल. मी तयार होते. तिनं मनगटानं कपाळावरचा केस मागे सारला.

"असं होय," म्हणाली. "मग बरोबर. मला आता दोन जेठ आहेत."

अन् तिनं मला वाटीत रस दिला. मी पिऊन आले. नाही कशी म्हणणार?

पुढे ती मला एकदा बाजारात दिसली, कडेवर पोर. नंतर नाही. तिनं मास्तरकी केली नाही, एवढं माहीत आहे.

आता पोरी पोलिसात आहेत, कॉलेजच्या फाटकावर वर्दी घालून उभ्या आहेत. त्यांची उंची अंबाड्याशिवाय पाच फूट भरते, शिकलेल्या आहेत. मला आनंद आहे. पण घरी त्यांनाही जेठ असतील, सासरे असतील.

म्हणून हे वाचणाऱ्याला माझी एक विनंती आहे. तुमच्या घरची सून कुठं फाटकावर, ठाण्यात, दवाखान्याच्या दारावर कामाला असेल अन् तुम्ही तिचे सासरे किंवा जेठ असाल, तर तिला घरात, चार माणसांसमोर एकदा सांगा: "बाई, तिथं मी आलो तर तोंड वर करून माझ्याकडे बघ, माझं नाव विचार, माझ्याजवळ चिठ्ठी माग." ती स्वतः होऊन नाही करू शकणार. तुम्हीच आधी सांगून ठेवा.